काचेतला काच

एकदा एका वृद्ध काचकारागिराकडे हैबती नावाचा शिष्य काम करीत होता. आठ वर्षांत त्याचा हात असा बसला होता की गुरू त्याच्या कामाकडे वळूनही पाहत नसत. मग हैबतीचे वडील वारले. दिवसकार्य आटोपले आणि दुसऱ्याच सकाळी तो भट्टीपाशी हजर झाला. डोळ्यांत पाणी नाही, तोंडी शब्द नाही. लोकांनी त्याच्या धीराचे कौतुक केले.

त्यानंतर त्याच्या बरण्या तडकू लागल्या. दिसायला अगदी नितळ; पण फळीवर ठेवल्या की दोन दिवसांत आपोआप तडा जाई. एका वैद्यांच्या औषधांसाठी केलेल्या तीन मोठ्या बरण्या अशाच गेल्या. चौथी तरी उद्या हवी, असा त्यांचा निरोप आला. हैबतीने ती फुंकून तयार केली आणि गुरूंना सांगितले, की हीही फुटली तर आपण हे काम सोडू.

गुरूंनी बरणी ऊन राखेत पुरली, भट्टीचे दार लिंपून टाकले, वैद्यांना दोन दिवस थांबण्याची विनंती कळवली आणि हैबतीला शेजारी बसवून घेतले. काम बंद. ते रिकामपण त्याला सोसवेना. काचेला राखेत निवायला दोन दिवस लागतात हे त्यालाही ठाऊक होते. पण अलीकडे आपण एकाच दिवसात बरण्या बाहेर काढतो, हे त्याने हळूच कबूल केले. वाट पाहत बसले की वडील आठवतात, म्हणाला.

गुरू म्हणाले, “हैबती, तापलेली काच बाहेरून आधी निवते, आवळते. आत धग तशीच असते. तिला निघायला अवधी दिला नाही, तर काचेला आतून काच बसतो. वस्तूला आणि त्या जाचाला आपल्याकडे शब्द एकच. का, ते मला ठाऊक नाही, पण भट्टीपाशी तो खरा ठरतो. तुलाही आम्ही फार लवकर फळीवर ठेवले. मी तेव्हाच तुला थांबवायला हवे होते.”

 मग हैबती वडिलांविषयी बोलू लागला. शेवटच्या दिवशी ते आपले नाव घेत होते आणि आपण भट्टीवरून उशिरा पोचलो, हे त्याने प्रथमच कोणाला सांगितले. सांगता सांगता तो रडला. गुरूंनी त्याला आवरले नाही.

तिसऱ्या दिवशी वैद्य आले. त्यांनी बरणीवर टिचकी मारली, तिचा स्वच्छ नाद ऐकला आणि समाधानाने ती घेऊन गेले. ती पुढे कधी तडकली नाही.

हैबतीने पुढची बरणी फुंकली, राखेत ठेवली, आणि ते दोन दिवस गावी जाऊन आईपाशी बसून आला.