सुईण पाटलेची भीती

पूर्वी चंपकवती नगरात धर्मकेतू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. भद्रक असे त्याचे नाव. मोठा होऊन तोही वैद्यकी करू लागला. त्याच्या शेजारी पाटला नावाची सुईण राहत असे. नगरातली कितीतरी मुले तिच्याच हातांवर जन्मली होती. पण एकदा एका विणकराची लेक बाळंतपणात तिच्या डोळ्यांदेखत गेली. पाटलेकडून काही चुकले नव्हते आणि कोणी तिला बोलही लावला नाही. तरी तेव्हापासून तिने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकले नाही.

सकाळी जाग आली तरी ती अंथरुणातून उठत नसे. दारावर थाप पडली की हातातले भांडे निसटे. ती नवऱ्यावर विनाकारण खेकसे, आणि मग परसात जाऊन रडत बसे.

भद्रकाने हे पाहिले. तो म्हणाला, "मावशी, उन्हं कलली की माझ्याकडे येत जा. औषधी निवडायला मला मदत हवी आहे."

पाटला जाऊ लागली. तो काही विचारीत नसे. मात्र तिचा जीव घाबरा झाला की म्हणे, "आधी हळूहळू श्वास सोड. आता हातातली एवढी मुळी साफ कर. टोपलीतल्या बाकीच्या नंतर बघू."

हळूहळू तिला झोप लागू लागली. एकदा ती आपणहून म्हणाली, "त्या पोरीनं माझा हात धरला होता रे. हात गार पडला तरी मला तो सोडवेना." भद्रकाने हातातले काम बाजूला ठेवले आणि तिचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले.

पुढे राजाने भद्रकाला राजवैद्य नेमायचे ठरवले. दरबारात जाण्याच्या दिवशी सकाळी पाटला भद्रकाच्या अंगणात असतानाच कुंभारीण धावत आली.

"पाटलाबाई, सून अडली आहे! बाळ आडवं आलंय. दुसरी सुईण परगावी गेली आहे."

पाटला मागे सरली. "माझ्याच्यानं नाही होणार. भद्रका, तू जा."

"पोटातलं बाळ फिरवणं मला येत नाही, मावशी. तुला येतं."

"आणि हीसुद्धा गेली तर?"

"जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. पण तू गेली नाहीस तर तिला कुणीच नाही. भीती जायची वाट पाहू नकोस, ती असू दे बरोबर. मी दाराबाहेर बसतो. हाक मारलीस की ओ देईन."

दोघे कुंभाराच्या घरी गेले. भद्रक दाराबाहेर बसला आणि पाटला आत गेली. वेदनांनी कळवळणारी ती पोर बघून तिला विणकराची लेक आठवली.

"भद्रका, आहेस ना?"

"आहे, मावशी."

तिने श्वास सोडला आणि तळहात पोरीच्या पोटावर ठेवले. पोटाच्या एका बाजूला बाळाचे डोके हाताला लागले. कळ ओसरली की ती थोडे फिरवी, कळ आली की थांबे.

इतक्यात राजाचा सेवक पालखी घेऊन भद्रकाला शोधत तिथे आला. "वैद्यराज, मुहूर्त टळतोय. महाराज खोळंबले आहेत."

"एक बाई माझ्या भरवशावर आत गेली आहे," भद्रक म्हणाला. "मला उठता येणार नाही."

"पद दुसऱ्याला जाईल!"

"जाऊ दे."

आत पाटलेने हे सारे ऐकले. तिला हुंदका आला, पण हात थांबले नाहीत. ती पुनःपुन्हा हाक मारी आणि बाहेरून ओ येई. दुपार कलता कलता बाळ रडले. पाठोपाठ त्याच्या आईने क्षीण आवाजात पाणी मागितले.

पाटला बाहेर येऊन उंबऱ्यावर टेकली. "भीती काही गेली नाही रे. माझ्यापायी तुझं पद मात्र गेलं."

"राजाला वैद्य पुष्कळ मिळतील," भद्रक म्हणाला. "चल, आधी दोन घास खा. सकाळपासून उपाशी आहेस."

राजवैद्यपद दुसऱ्याला मिळाले. पाटला मात्र म्हातारपणापर्यंत बाळंतपणे करीत राहिली. दरवेळी दाराशी भीती तिला गाठे. ती क्षणभर थांबे, श्वास सोडी आणि आत जाई.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची पाटला म्हणजे आजची भिक्षुणी सुगंधा, रुग्णांच्या सेवेला जाताना जिला धडकी भरते आणि तरीही जी जाते. कुंभाराची सून ही आजची उपासिका मेखला. आणि दाराशी बसून राहिलेला भद्रक मीच होतो." भ्यालेल्याला न हसता, न ढकलता, त्याच्या हाकेला ओ देत राहणे हीच करुणा होय.