घोड्याची उडी

बुद्धिबळाच्या पटावरचे मोहरे आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. शत्रूची मांडणी वाचण्यात पांढऱ्या घोड्याचा हात कुणी धरत नसे.

एका डावात राजाने त्याला पुढच्या घरात उडी घ्यायला सांगितलं. घोड्याने समोर पाहिलं आणि तो चरकला.

"महाराज, त्या घरावर काळ्या उंटाचा नेम आहे. मी मरेन."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "उंट तुला मारायला सरकला की आपल्या वजिराची वाट मोकळी होते."

"हे ठरलं कधी?"

"चार चाली झाल्या," मागून हत्ती म्हणाला. "घोडेराव, तुम्हाला समोरचं बघण्यातून सवड कुठे होती?"

घोड्याने जन्मात पहिल्यांदा मागे वळून आपली फौज पाहिली. वजीर, हत्ती, प्यादी, सगळे केव्हाच तो मेल्यानंतरच्या जागा धरून उभे होते.