मणिगुप्ताचे पेव

पूर्वी वेणुतीर नावाच्या नगरात सुधन्वा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांचा जन्म सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांडे घेऊन देशोदेशी फिरणाऱ्याच्या, कुळात झाला. त्यांचे नाव भद्रसार. वाळवंटे आणि अरण्ये तुडवून झाल्यावर उतारवयात ते पत्नी रोहिणीसह नदीकाठच्या एका आळीत राहू लागले.

तांड्याच्या नायकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाडीत गरजेपेक्षा थोडे अधिक भरावे, पण बैलांना ओढवेल एवढेच. कमी भरले तर माणसे तहानेने मरतात, फार भरले तर बैल मरतात आणि मग माणसे. ही सवय भद्रसारांनी घरीही सोडली नाही. शेजाऱ्यांच्या घरीही सोडली नाही. सकाळी ते या दारातून त्या दारात जात आणि विचारत, "रांजण भरलाय ना? दोर कुठे ठेवलाय? अंधारात हाताला लागेल का?"

"आले भद्रसारकाका, आता चुलीत डोकावणार," अशी चेष्टा होई. रोहिणीही म्हणे, "अहो, लोकांच्या घरात किती ते नाक खुपसायचं!"

"नाक कुठे खुपसतो? रांजण बघतो."

शेजारपाजारची चौकशी करणाऱ्याला लोक हसतात खरे, पण तो चार दिवस फिरकला नाही की त्यांनाच चुकल्यासारखे वाटते. हळूहळू आळीने त्यांचे ऐकले. घरोघरी पाण्याचा एक रांजण जास्तीचा भरला जाऊ लागला. सातूचे पीठ, मीठ, गूळ, तेलाचा बुधला, चकमक आणि दोर एका ठरल्या कोनाड्यात राहू लागले. पीठ जुने व्हायच्या आत खाऊन टाकायचे आणि नवे दळून ठेवायचे. त्यामुळे ते कोणाला ओझे वाटले नाही, किडेही झाले नाहीत.

आणखी एक रीत पडली. आळीतली घरे गवताने शाकारलेली होती. वादळात एका चुलीतली ठिणगी उडाली तर सगळी आळी पेटायची. म्हणून पश्चिमेकडून वारा सुटला की प्रत्येकाने चूल राखेने झाकावी आणि उंबऱ्याबाहेर एक मडके पालथे ठेवावे. ज्या दारात मडके दिसणार नाही, त्या दारी शेजाऱ्याने जाऊन बघावे.

आळीच्या टोकाला मणिगुप्त श्रेष्ठीचे मोठे घर होते. घरात तो, त्याची पत्नी नंदिका आणि म्हातारी आई धारिणी. माणूस वाईट नव्हता. पण एकदा एक फिरता भविष्यवेत्ता त्याच्या ओसरीवर बसून सांगून गेला, की लवकरच आकाशात सात सूर्य उगवतील, नद्या आटतील आणि पृथ्वी जळून जाईल. जो जमिनीच्या पोटात लपेल तोच वाचेल. इतरांनी ते ऐकले आणि विसरले. मणिगुप्ताची मात्र झोप उडाली.

त्याने अंगणात खोल पेव खणवले. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. वरून तोंड रांजणाएवढे, आत मात्र खोलीएवढी जागा. कोणाला सुगावा लागू नये म्हणून मजूर परगावाहून आणले आणि काम होताच परत पाठवले. पेव अर्ध्याहून अधिक धान्याने भरले आणि तोंड शिळा ठेवून चिखलाने लिंपून टाकले. बाजारातले मीठ, तेल, दोर होते नव्हते ते सगळे उचलले. आळीतल्या बायकांना कालवणात घालायला मीठ मिळेना. मग घराभोवती काटेरी कुंपणाची भिंत उभी राहिली, दाराला भलेमोठे कुलूप आले आणि त्याची एकुलती एक किल्ली मणिगुप्ताच्या कमरेला लटकू लागली.

धारिणी रोज दुपारी रोहिणीकडे येऊन बसे. म्हणे, "मेल्यावर माणसाला पुरलेलं ऐकलं होतं. माझा मुलगा जिवंतपणीच पुरून घ्यायला निघालाय."

भद्रसार मणिगुप्ताला समजवायला गेले, तेव्हा तो दाराच्या फटीतून म्हणाला, "काका, तुमचा तो एक रांजण कोणाला पुरणार? उद्या तहानेने तडफडाल तेव्हा माझ्या दाराशी येऊ नका."

"येईन हो," भद्रसार शांतपणे म्हणाले. "दारोदार जायची सवयच आहे मला."

उन्हाळ्याच्या अखेरीस एका सकाळी पश्चिमेकडे धुळीची भिंत उठली. आकाश तांब्याच्या परातीसारखे लाल झाले आणि धुळीआडून सूर्य फुटल्यासारखा दिसू लागला. आळीत धावपळ झाली, पण गोंधळ झाला नाही. चुली झाकल्या गेल्या, गुरे आत बांधली गेली, उंबऱ्याबाहेर मडकी पालथी पडली. धारिणी तेव्हा रोहिणीकडेच होती, ती तिथेच थांबली. वारा बराच वेळ घोंघावला. काही छपरे उडाली, एक शेवग्याचे झाड पडले, पण कुठे आग लागली नाही. मग धूळ खाली बसू लागली.

भद्रसारांनी बाहेर येऊन आळीवरून नजर फिरवली. मणिगुप्ताच्या दारात मडके नव्हते.

शेजारचा कोरक गवंडी आपल्या गोठ्याचे उडालेले छप्पर गोळा करीत होता. तो म्हणाला, "काका, त्याच्या दारात कधी असतं?"

"कधीच नसतं. म्हणूनच तो सुखरूप आहे की नाही, ते कधीच कळत नाही," असे म्हणून ते टोकाकडे चालू लागले. जवळ जाताच भिंतीपलीकडून नंदिकेचा आक्रोश ऐकू आला.

"कोणी आहे का हो? हे पेवात उतरले आणि आता ओ देत नाहीत!"

"नंदिके, दार उघड!"

"कसं उघडू? किल्ली त्यांच्याच कमरेला आहे!"

आळीतली माणसे जमली. कोरक हात झटकत म्हणाला, "आमचं मीठ पळवताना बरा एकटा पुरला. दोर तर गाडीभर आहेत त्याच्याकडे. ये म्हणावं धरून वर."

धारिणी मागेच उभी होती. ती नुसती कोरकाकडे बघत राहिली.

भद्रसार म्हणाले, "कोरका, मिठावरून तुला त्याच्याशी भांडायचंय ना? मग तो जिवंत नको का?"

कोरकाने मान खाली घातली आणि धावत जाऊन शिडी आणली. बायकांनी घरातल्या जाड वाकळा आणून काट्यांवर टाकल्या. एकामागून एक माणसे भिंत ओलांडून अंगणात उतरली, धारिणीलाही त्यांनी हात देऊन उतरवले.

पेवाचे तोंड उघडे होते. लाल आकाश पाहताच मणिगुप्ताने लिंपण फोडायला घेतले होते, पण शिळा सरकली तेव्हा वादळ ओसरत आले होते आणि तो घाईघाईने तसाच आत उतरला होता. आता नंदिकाही आत पाय टाकत होती. भद्रसारांनी तिला दंड धरून मागे ओढले आणि पेटता दिवा दोराने आत सोडला. हातभर खाली जाताच दिवा विझला.

"बघ, तूही अशीच विझली असतीस," ते म्हणाले.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेवात धान्याने हवा कोंदून विषारी होते. पेव उघडले की ते दिवसभर तसेच मोकळे ठेवायचे, मग दिवा सोडून बघायचे आणि दिवा तगला तरच उतरायचे. पेव बाळगणारे कोणीही हे सांगू शकले असते. पण मणिगुप्त पेवाबद्दल कोणाशी बोलतच नव्हता, कोणाचे ऐकूनही घेत नव्हता. मग सांगणार कोण?

भद्रसारांनी कडुनिंबाच्या फांद्यांचा मोठा भारा दोराला बांधला. कोरकाने तो पेवात सोडला आणि वर ओढला, सोडला आणि ओढला. खालची कोंदट हवा वर येऊ लागली. बायकांनी आपापल्या रांजणातले पाणी आणले आणि ते काठावरून आत शिंपडत राहिल्या. दुसरा दिवा सोडला. तो फडफडला, निळसर झाला, पण विझला नाही.

"मी उतरतो," भद्रसार म्हणाले. "अशी कोंदलेली पेवं मी पाहिली आहेत. हलकाही आहे मी."

रोहिणीचा चेहरा उतरला. पण ती अडवायला पुढे झाली नाही. तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीभोवती दोर बांधला, गाठीवर आणखी एक गाठ मारली आणि कोरकाला बजावले, "दोर सैल पडला तर वाट बघू नकोस, ओढ. यांना मध्येच कोणाची तरी चौकशी करायची हुक्की येते."

पेव बरेच भरलेले असल्यामुळे मणिगुप्त फार खोल गेला नव्हता. धान्याच्या ढिगावर तो उताणा पडला होता. भद्रसारांनी श्वास रोखून त्याच्या काखेखालून दुसरा दोर घातला, गाठ मारली आणि आपला दोर हिसकला. आळीने दोघांनाही वर खेचले. भद्रसार काठावर पालथे पडून खोकत राहिले. मणिगुप्त खोकला नाही. हललाही नाही.

धारिणीने त्याचे डोके मांडीवर घेतले. तोंडावर पाण्याचा हबका मारला, गालावर चापट मारली. "उघड डोळे, मेल्या! आईच्या आधी जायचं असतं का रे?"

मग मणिगुप्ताच्या छातीत घरघर झाली. त्याने डोळे किलकिले केले आणि पुटपुटला, "प्रलय झाला का?"

"झाला की," धारिणी रडत म्हणाली. "कोरकाच्या गोठ्याचं छप्पर उडालं."

माणसे हसली, कोरकही हसला. मणिगुप्ताला आपल्या अंगणात एवढी माणसे बघायची सवय नव्हती. तो एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला.

दोन दिवसांनी तो भद्रसारांकडे आला आणि म्हणाला, "काका, पेवातलं निम्मं धान्य तुमचं."

"मला काय करायचंय? सांभाळत बसावं लागेल," भद्रसार म्हणाले. "ज्यांची छपरं उडालीत त्यांना शाकारणी होईपर्यंत दे. मीठ बाजारात परत जाऊ दे. घरात एका संकटापुरतं ठेव, ते खात जा आणि पुन्हा भरत जा. आणि त्या किल्लीची जोडी करून कोणाकडे तरी देऊन ठेव."

मणिगुप्ताने मान डोलावली, पण भीती काही एका दिवसात जात नाही. हळूच त्याने विचारले, "पण काका, खरंच सात सूर्य उगवले तर?"

"तर मग सगळेच एका ठिकाणी जमू. कोणाच्या रांजणात किती पाणी उरलंय, ते विचारायला मी आहेच."

त्या रात्री मणिगुप्त पुष्कळ दिवसांनी गाढ झोपला, असे नंदिकेने रोहिणीला सांगितले. रोहिणीकडून ते आळीभर झाले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, तेव्हा समोर सोणदत्त नावाचा उपासक बसला होता. दूरदेशीच्या दुष्काळाच्या वार्ता ऐकून त्याने कोठारे भरली होती आणि दार लावून घेतले होते. त्याची वृद्ध आई त्याला हाताला धरून विहारात घेऊन आली होती. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचा मणिगुप्त म्हणजे आजचा हा सोणदत्त. धारिणी म्हणजे त्याची हीच आई. आधी कुरकुर करून मग शिडी आणणारा कोरक म्हणजे आपल्या विहाराच्या भिंती बांधणारा गवंडी. आणि घरोघरी रांजण बघत फिरणारा भद्रसार म्हणजे मीच."

सोणदत्ताने मान खाली घातली. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग शास्त्यांनी सांगितले, "याला अप्रमाद म्हणतात. अप्रमाद म्हणजे सावध असणे, भ्यालेले असणे नव्हे. भ्यालेला माणूस एकट्यापुरते साठवतो. सावध माणूस आपले भरून झाले की शेजाऱ्याच्या दाराकडे बघतो."