खो मिळेपर्यंत

“…मग फेऱ्या किती मारायच्या, तेवढं सांगा. वीस? पंचवीस?”

इंगवलेबाई रिकाम्या मैदानाकडे बघत होत्या.

विचारणारी शैलजा, त्यांची जुनी शिष्या. एकेकाळी खो-खोत तिने भल्याभल्यांना रडवलं होतं. आता वय सेहेचाळीस, स्वतःच शाळेत खेळाची बाई, डोक्याला स्कार्फ. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, केमोचे तीन डोस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज थोडं चाला, हाताचा व्यायाम करा, अंगात ताप असेल तर मात्र गुपचूप पडून राहा. ऐकेल ती शैलजा कसली! ताप अंगावर काढून ती पळायला गेली आणि शाळेच्या फाटकापाशी कोसळली. चौथा डोस आठवडाभर पुढे गेला. तेव्हापासून तिच्या जिवात जीव नव्हता.

“तेवढ्या दिवसांत ते पुन्हा वाढलं तर, बाई?”

“बस.”

“बसायला नाही आले मी.”

बाईंनी काठीने मातीत एक चौकोन आखला आणि वाट बघत राहिल्या.

शैलजा बसली. जुन्या सवयीने, एक पाऊल पुढे, बोटं मातीला टेकलेली. डाव्या काखेत ओढ बसली, तरी तिने हात हलवला नाही. बाई तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

काहीच झालं नाही.

मागे काय चाललंय ते दिसेना. ती उठली.

“फाउल,” बाई म्हणाल्या. “खो दिला का मी?”

ती पुन्हा बसली. चार-पाच श्वास कसेबसे काढले आणि पुन्हा उठली.

“फाउल.”

“बाई, हा काय पोरखेळ चालवलाय? इथं माझ्या जिवावर बेतलंय!”

“वीस वर्षं पोरींना काय शिकवतेस? खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.”

“पोरींच्या मागे मरण नसतं उभं!”

बोलून गेली आणि तिचा चेहराच पडला. सहा महिने हा शब्द तिने घरात कुणाला काढू दिला नव्हता.

“…भीती वाटते, बाई. बसले की ते येऊन गाठेल असं वाटतं. पळत असले की नाही वाटत.”

“बस.”

ती बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

मागे काठी ठेवल्याचा आवाज आला, मग कण्हल्याचा. पंचाहत्तरीच्या बाई गुडघे धरत धरत तिच्या शेजारी बसत होत्या. खो-खोत बसतात तशा, तिच्या उलट दिशेला तोंड करून.

बराच वेळ दोघी तशाच बसून राहिल्या…

“तुम्हीच बसलात, तर मला खो कोण देणार?”

“माझ्या पाठीमागचं मला कुठं दिसतंय, शैले? ते तू बघ. तुझ्या पाठीमागचं मी बघतेय.”