केरबाच्या गाडीचा काटा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात मोटार एकच, आणि ती केरबाची. दोन मालकांच्या हाताखालून आलेली ती जुनी पांढरी गाडी त्याने मोठ्या हौसेने घेतली होती. कुणाची लेक बाळंतपणाला आणायची असो, कुणाचा दमेकरी बाप घाटावरच्या दवाखान्यात न्यायचा असो, लोक केरबाच्या दारात येत. तो कुणालाही नाही म्हणत नसे. "केरबा आहे म्हटल्यावर काळजी नाही," असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

एका उन्हाळ्यात गाडी तापू लागली. चढ लागला की समोरचा, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा हळूहळू तांबड्या रेघेकडे सरके. केरबा गाडी कडेला घेई, इंजिन निवेपर्यंत थांबे, रेडिएटरमध्ये पाणी ओती आणि पुढे निघे. त्याने पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटर साफ करून घेतला. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. गाडीखाली पाण्याचा एक थेंब दिसत नव्हता, तरी पाणी रोज कमी होत होतं.

शेवटी तो घाटावरच्या दस्तगीर मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने गाडी चालू ठेवून रेडिएटरमध्ये उठणारे बुडबुडे पाहिले, मागून निघणारा पांढरा धूर पाहिला.

"हेडचं गॅस्केट गेलंय, केरबा. पाणी इंजिनात शिरतंय. सगळं खोलावं लागंल. गाडी इथंच ठेव."

"आत्ता ऐन लग्नसराईत?"

"मग निदान घाट चढवू नको. एखाद्या दिवशी जागच्या जागी जाम होईल."

केरबा विचारात पडला. गाडी मिस्त्रीकडे अडकली तर लोक पलीकडच्या वाडीतल्या बाबू गुरवाची जीप बोलावतील. केरबाची गाडी गेली, असं म्हणतील. ते त्याला सोसवलं नसतं. "लग्नं उरकली की आणतो," असं सांगून तो परत आला.

पण काटा काही त्याला स्वस्थ बसू देईना. चढावर त्याचं अर्धं लक्ष तिकडेच असायचं. शेजारी बसणारेही विचारू लागले, "केरबा, हे असं का रं चढतंय?" मग एका सकाळी त्याने बॉनेट उघडलं आणि काट्याची तार ओढून काढली. काटा तळाला जाऊन पडला. त्या दिवसापासून कुणी काही विचारलं नाही. पाणी ओतत राहिलं की गाडी चालत होती, आणि केरबालाही हलकं वाटत होतं.

मग एका दुपारी दौलूच्या छातीत कळ आली. दौलू केरबाचा लहानपणापासूनचा सोबती. दोघे एकाच बांधावर गुरं राखत वाढलेले. दौलूची बायको रखमा धापा टाकत आली. गाडीपाशी येऊन ती क्षणभर थबकली.

"भावजी, गाडी घाट चढंल न्हवं? मधी तापत हुती म्हणत्यात. न्हाईतर बाबू गुरवाची जीप वाडीत त्याच्या दारातच उभी हाय, बोलवून आणते."

केरबाच्या मनात दस्तगीरचे शब्द येऊन गेले. सगळा गाव भोवती उभा होता.

"माझ्या गाडीला काय धाड भरलीय? बसवा त्याला," तो म्हणाला.

अर्धा घाट चढेपर्यंत गाडी चांगली चालली. मग जळका वास आला. इंजिन खडखडलं, बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली आणि एका वळणावर गाडी थांबली ती थांबलीच. केरबाने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. खाली उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला गेला तर हात भाजला. रखमा रस्त्यात उभी राहून येणारं वाहन शोधत होती. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता.

दौलू मागच्या सीटवर घामाने निथळत पडला होता. केरबा त्याच्यापाशी आला, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"तू नको घाबरू," दौलू म्हणाला. "निवू दे गाडी. तू हायस न्हवं, मला भ्या न्हाई."

केरबाने भाजल्या हाताने दौलूचा हात धरून ठेवला. बऱ्याच वेळाने खालून एसटी आली. तोवर तो हात गार पडला होता.

गावात केरबाला कुणी बोल लावला नाही. जुनी गाडी, कधीतरी बंद पडायचीच, असं सगळे म्हणाले. रखमाही तेच म्हणाली. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि केरबाला अन्न गोड लागेना. दिवसकार्य झाल्यावर तो तिच्या दारात गेला. मिस्त्रीने काय सांगितलं होतं ते त्याने सांगितलं. तार काढल्याचंही सांगितलं.

रखमा जात्यापाशी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी जीप बोलवू का म्हणून इचारलं हुतं," ती म्हणाली. "तवा नुसतं व्हय म्हणायचं हुतं, भावजी."

मग ती उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

केरबाने गाडी ओढत नेऊन दस्तगीरकडे दिली. दुरुस्त होऊन ती पुन्हा घाट चढू लागली. लोक पूर्वीसारखे केरबाकडे येत राहिले. रखमा मात्र बाजारला निघाली की फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभी राही. केरबा तिच्यासमोरून जाताना गाडी हळू करी. ती मान वर करत नसे.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव असतो, त्याने आपली उणीव लपवू नये. उणीव लपवणारा वाचतो, आणि त्याच्यावर विश्वास टाकणारा जातो.