आखूड दोर

“मग हा नकाशा काढून मी मिळवलं काय, बाबा?”

शाल्मलीने लॅपटॉप फकिरापुढे सरकवला.

नांदखारच्या वाळूतला हा जुना दर्गा. समोर समुद्र, पाठीमागे उंचच उंच नव्या इमारती आणि अंगणात गोड्या पाण्याची एक विहीर. नूरशाहबाबा कैक वर्षं इथेच असतात. शाल्मली शाळेत असल्यापासून याच ओट्यावर येऊन त्यांच्याशी भांडते.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. सगळा किनारा लालेलाल.

“हे लाल काय?”

“तिथलं पाणी खारं होणार. उपग्रहाच्या वीस वर्षांच्या फोटोंवरून काढलंय. कुठलं तळं बुजवलं, कुठे सिमेंट चढलं, कुठली झाडं सुकली... वरून सगळं दिसतं. मग विहिरी तपासून पडताळा घेतला. वाळूखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, बाबा. वरचंच घ्यावं. खोलातून उपसलं की खालचं खारं वर आलंच. इतकं साधं आहे हो!”

“मग?”

“मग काय, कपाळ! उद्या नगरपरिषदेत ठराव आहे. त्या इमारतींसाठी किनाऱ्यावर खोल बोअर मारायच्या. मी नकाशा दाखवला, तर म्हणाले, छान रंगवलाय. मी तिथल्या नोकरीचा राजीनामा लिहून आणलाय. दगडावर डोकं आपटायला मी काय वेडी आहे?”

बाबा तिच्या कोरड्या ओठांकडे बघत होते.

“बोला की काहीतरी!”

“घसा सुकलाय तुझा. आधी पाणी पी.”

शाल्मली तणतणत विहिरीवर गेली. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. तिने पोहरा सोडला. दोर संपला आणि पोहरा पाण्याला जेमतेम टेकला. वर ओढला, तर आत घोटभर पाणी. पुन्हा सोडला, पुन्हा घोटभरच.

“साधा दोरसुद्धा धड नाही इथे!”

तहानेत हुशार माणसाचं डोकं फारच भराभर चालतं. तिने लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा काढला, काठावरच्या खुंटीला बांधलेला दोर सोडला आणि त्याला गाठ मारून पट्टा जोडला. पोहरा डुबकन बुडाला. तिने तो पार तळाशी नेला, दोन हिसके दिले आणि काठोकाठ भरून वर काढला.

ओंजळ तोंडाला लावली... आणि थू करून टाकली.

खारट.

तिने पोहऱ्याकडे पाहिलं. मग पट्ट्याच्या गाठीकडे. शरमेने तिचे कान तापले.

“बाबा... मला माहीत होतं हे.”

“हो तर. आत्ताच मला शिकवलंस.”

“मग माझ्याच हातून असं कसं झालं?”

“तहान लागली होती.”

बाबांनी कमरेची सुरी काढून तिच्यापुढे धरली.

“काप.”

“नवा पट्टा आहे, बाबा.”

“काप.”

तिने गाठीशी पट्टा कापला आणि दोर पुन्हा खुंटीला बांधला. मग हळूच विचारलं, “अशी गाठ आणखी कुणी मारतं?”

“उन्हाळ्यात रोज कुणीतरी. येणारे-जाणारे मारतात. एकदा मीच मारली होती.”

“मग?”

“कापली.”

“अहो, पाटी तरी लावायची.”

“लावली होती. लोक म्हणायचे, छान रंगवलीय.”

शाल्मलीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“कंटाळा नाही आला कधी?”

“आला की. पण त्यांना तहान रोज लागते, पोरी. मी एक दिवस कंटाळलो, तर विहीर गेली.”

मग तिने राजीनामा काढून फाडला. पोहऱ्यातलं खारं पाणी एका बाटलीत भरलं. आखूड दोराने, घोटघोट करत, दुसरी बाटली गोड्याने भरली. त्याला चांगलाच वेळ लागला. बाबांनी मदत केली नाही.

“उद्या नकाशा नंतर. आधी त्या सगळ्यांना हे पाजणार,” ती म्हणाली. “नाही ऐकलं, तर पुढच्या सभेला पुन्हा जाईन. आणि त्याच्या पुढच्याही.”

तिने सुरी परत द्यायला पुढे धरली. बाबांनी हात पुढे केला नाही.

“ती तू ने. इथल्या गाठी मी दातांनी कापीन.”