आजारी विजया आणि मायाळू गाव

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही. त्या राजाच्या मुलखात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात एक म्हातारे वैद्यबुवा राहत होते.

गावची माणसं मायाळू. इतकी मायाळू, की कधीकधी नकोसं व्हावं! आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातांनी जायचं नाही, अशी त्यांची रीत. कुणी पेज नेई, कुणी लाडू, कुणी कडू काढा. तापातून उठलेला माणूस अपचनाने पुन्हा आडवा होई, पण रीत म्हणजे रीत.

त्या राज्यात भांगेचं झाड लावायला सक्त मनाई होती. का, ते मोठ्यांना ठाऊक आहे. उगाच हसू नका. मात्र दुखण्यावर तिचं पान गुणकारी, म्हणून वैद्यबुवांना अंगणात एक कुंडी ठेवायची मुभा होती. एकच. वैद्यबुवा तिला कधी भांग म्हणत नसत. 'विजया' म्हणत, घरातल्या लेकीला हाक मारावी तसं.

पुढे वैद्यबुवाच अंथरुणाला खिळले. सांधे धरले, डोळे अधू झाले, कण्हण्यात रात्री जाऊ लागल्या. विजयाच्या पानाची चिमूट दुधात उकळून घेतली की तेवढा डोळा लागे. पण बरणीतली वाळकी पानं तळाला गेली होती, बियांची पुरचुंडी उंदरांनी फस्त केली होती, आणि उरलेल्या एकाच बीचं एकच रोप कुंडीत उभं होतं. ते वाढलं तर म्हाताऱ्याला झोप, नाही तर नाही.

रोप सांभाळत होती त्यांची सून गोजरा. तिचा नवरा फौजेबरोबर दूरदेशी गेलेला. घर, सासरे आणि विजया, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. शेळ्यांची भीती म्हणून तिने कुंडी अंगणातून ओसरीवर आणून ठेवली. रोज पाणी घाली, चार शब्द बोले.

आणि नेमकी तिथेच विजया खुंटली. वीतभर वाढून जी थांबली ती थांबलीच. खालची पानं पिवळी पडली. मग टोकं तपकिरी होऊन करपली. नवं पान म्हणून फुटेना.

बातमी गावभर झाली : "विजया आजारी आहे हो!" झालं! गाव लोटलं. पाटलीणबाई तांब्याभर ताक घेऊन आल्या आणि सगळं कुंडीत ओतून मोकळ्या झाल्या. कुणी तांदळाचं धुवण घातलं, कुणी चुलीतली राख. धनगराने शेळ्यांच्या ताज्या लेंड्यांची ओंजळच रिकामी केली. "खाऊ दे बिचारीला," असं म्हणत जो तो समाधानाने घरी गेला. विजया आणखी पिवळी पडली.

सासऱ्यांच्या उशाशी बसून गोजरा म्हणाली, "मामंजी, विजया हातची जातेय. काय देऊ तिला?"

वैद्यबुवा कण्हत होते, तरी हसले. "अगं, देण्याची घाई कसली? इतकी वर्षं मला बघतेस ना? मी रोग्याला आधी काय करतो?"

"आधी पाहता. मग हात लावून बघता. मग विचारता. औषधाला सगळ्यात शेवटी हात घालता."

"मग तसंच कर. मला दिसत नाही. तू पाहा."

गोजराने पदर खोचला. पान न् पान उलटून पाहिलं. कीड नव्हती, जाळी नव्हती. मग हात लावला. पानं मऊ पडून लोंबत होती. माती थंडगार, चिकट. बोट खुपसलं तर आंबूस वास आला. कुंडी उचलायला गेली तर धोंड्यासारखी जड. हे सगळं तिने जाऊन सांगितलं.

"आणि विचारलंस?"

"कुणाला विचारू, मामंजी? झाड का बोलतंय?"

"तान्हं मूलही बोलत नाही. मग आपण कुणाला विचारतो?"

"त्याच्या आईला," असं म्हणून गोजरा उठली आणि ओसरीवर येऊन थबकली. विजयाची आई कोण? ताक ओतणाऱ्या पाटलीणबाई? लेंड्या टाकणारा धनगर? छे. ते आले तेव्हा विजया आजारी पडून चुकली होती. तेव्हा विचारायचं होतं ते गोजराने गोजरालाच.

'काय गं बाई, तू काय केलंस हिचं?' तिने मनाशीच विचारलं. पहिलं उत्तर झटकन आलं : 'मी? मी तर रोज पाणी घालते!' पण वैद्यबुवा कुणाच्या पहिल्या उत्तरावर कधीच विसंबत नसत, तेव्हा तिने पुन्हा विचारलं. आणि तिला आठवलं.

कुंडी ओसरीवर आणली त्याच दिवशी तिच्या बुडातून गढूळ पाणी ठिबकलं होतं. नुकती सारवलेली ओसरी, वर हौसेने काढलेली रांगोळी, सगळी फिसकटली. गोजरा चिडली होती. चिंधीचा बोळा करून तिने कुंडीच्या बुडाचं भोक गच्च बुजवलं, आणि साफ विसरून गेली.

"अगं बाई! मीच गं, मीच!" तिने कपाळावर हात मारून घेतला. रडू फुटलं, पण रडत बसायला वेळ कुठे होता? तिने कुंडी आडवी करून बोळा उपसला. भळभळ काळं पाणी आलं. रोप अलगद सोडवलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. मात्र मधे थोडी मुळं अजून पांढरी होती, आणि गोजराला तेवढी पुरे होती.

तिने कुजलेली मुळं छाटली. कुंडी धुतली. बुडाशी खापऱ्या घातल्या, भोक मोकळं ठेवलं, वाळू मिसळलेली भुसभुशीत माती भरली आणि विजयाला कोवळ्या उन्हात बसवलं. जरासं पाणी दिलं. आता बोट खुपसल्यावर माती कोरडी लागल्याशिवाय थेंबही नाही, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई पुन्हा ताक घेऊन हजर. गोजरा दारात आडवा हात धरून उभी राहिली.

"विजयाला काही घालायचं नाही, पाटलीणबाई."

"म्हणजे? आजाऱ्याला उपाशी मारतेस? काळीज आहे का दगड?"

"दगड म्हणा हवं तर. पण ताक तुम्हीच प्या."

पाटलीणबाई पाय आपटत गेल्या. गावात नाही नाही ते बोललं गेलं. गोजराने मनावर घेतलं नाही.

आणि मग बरणी संपली. वैद्यबुवांच्या वेदना अनावर झाल्या. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, त्या रोपाचं एक पान तोड."

"नाही, मामंजी. आत्ता तोडलं तर ती जगायची नाही."

"मी सांगतोय! या घरात वैद्य कोण आहे?"

"आज मी आहे, मामंजी. तुम्ही रोगी आहात."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. गोजरा चुलीपाशी जाऊन हमसून हमसून रडली. मग वाळू तापवून फडक्यात बांधली आणि त्यांचे गुडघे शेकत बसली. रोज ती मातीत बोट खुपसून पाही, ओली लागली तर मुकाट्याने परत येई. जीव तुटत होता, पण तिने धीर सोडला नाही.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एकदा ती कुंडी उचलून थेट अंथरुणापाशी घेऊन आली आणि वैद्यबुवांचं बोट धरून शेंड्याला लावलं. शेंड्यावर इवलंसं, ताठ, कोवळं पान होतं.

"पिवळी पानं हिरवी झाली?" त्यांनी विचारलं.

"ती नाही व्हायची, मामंजी. गेली ती गेली. पण नवं फुटलंय ते हिरवंगार आहे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरं केलंस पोरी, माझं ऐकलं नाहीस ते," ते म्हणाले.

विजया कमरेएवढी झाली, तेव्हा गोजराने पहिली पानं खुडली. सावलीत वाळवून त्यांची चिमूट दुधात उकळली. वैद्यबुवा जे झोपले ते उन्हं वर आली तरी घोरत होते.

पाटलीणबाई आल्या त्या याच वेळी, हातात लाडवांचा डबा घेऊन. गोजराने ओठांवर बोट ठेवलं. पाटलीणबाई उंबऱ्यातच थांबल्या. डब्याकडे पाहिलं, घोरणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा हळूच विचारलं, "त्यांना काय हवंय गं?"

"काही नको. तेवढ्या बांगड्या वाजवू नका."

पाटलीणबाईंनी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, आणि दोघी हसू दाबत ओसरीवर जाऊन बसल्या.

तेव्हापासून त्या गावाची रीत बदलली. आजाऱ्याला पहिल्यांदा भेटायला जायचं ते रिकाम्या हातांनी आणि काय हवंय ते विचारायला.

तात्पर्य : उपाय करण्याआधी विचारावं, आणि पहिला प्रश्न स्वतःला विचारावा.